गाजावाजा आणि कारभार

(हीरकमहोत्सवी वर्षातील व्याख्यानाचा मजकूर)



२० फेब्रुवारी २०२५ रोजी वॉशिंग्टन शहराजवळ भरलेल्या एका राजकीय मेळाव्यात इलॉन मस्क काळा चष्मा लावून व्यासपीठावर आले. अर्जेंटिनाचे अध्यक्ष हावियेर मिलेई यांनी झाडे तोडण्याची एक यांत्रिक करवत त्यांच्या हाती दिली. मस्क यांनी ती डोक्यावर उंच धरली आणि नोकरशाही कापून काढण्याचे हत्यार म्हणून प्रेक्षकांना दाखवली. टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि ते छायाचित्र काही तासांत जगभर पोहोचले.

त्या करवतीमागील आकडे मात्र छायाचित्राइतके लोकांच्या ध्यानात राहिले नाहीत. निवडणुकीच्या प्रचारात मस्क यांनी सरकारी खर्चात किमान दोन लाख कोटी डॉलरची कपात शक्य असल्याचे सांगितले होते. त्या वेळी अमेरिकेच्या संघराज्य सरकारचा एकूण वार्षिक खर्चच पावणेसात लाख कोटी डॉलरच्या घरात होता, आणि त्यातील बहुतेक भाग निवृत्तिवेतन, आरोग्य, कर्जावरील व्याज व संरक्षण या चार कोठारांत जात होता. पुढे दोनाचा आकडा एक लाख कोटींवर आला. एप्रिल महिन्यात मंत्रिमंडळाच्या बैठकीत तो १५ हजार कोटी डॉलर एवढा उरला. बचतीची यादी संकेतस्थळावर प्रसिद्ध झाली तेव्हा एका कंत्राटाची रक्कम ८०० कोटी डॉलर दाखवलेली होती. पत्रकारांनी मूळ कागद पाहिले, तर ते कंत्राट ८० लाखांचे निघाले. मे महिन्याच्या अखेरीस मस्क त्या कामातून बाहेर पडले.

हे उदाहरण कोणाची थट्टा करण्यासाठी घेतलेले नाही. सरकारी उधळपट्टी ही काल्पनिक गोष्ट नव्हे. ती अमेरिकेत आहे, भारतात आहे आणि ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत सर्वत्र आहे. प्रश्न असा आहे, की उधळपट्टी म्हणून जे लोकांना दाखवले जाते ते, आणि जी खरोखर राष्ट्राचे रक्त शोषते ती, या दोन्ही गोष्टी एकच आहेत काय?

भारताचा अनुभव या बाबतीत फार वेगळा नाही. २००९ साली पावसाने दगा दिला आणि दुष्काळाचे सावट पसरले. तेव्हा केंद्रातील मंत्र्यांनी विमानाच्या साध्या वर्गातून प्रवास करावा, असे फर्मान निघाले. अर्थमंत्री प्रणव मुखर्जी स्वतः साध्या वर्गाने गेले. सोनिया गांधी साध्या वर्गाने गेल्या, राहुल गांधी शताब्दी एक्स्प्रेसने लुधियानास गेले, आणि प्रत्येक प्रवासाची बातमी झाली. एका मंत्र्याने साध्या वर्गाविषयी समाजमाध्यमावर विनोद केला, तेव्हा त्या विनोदाने दुष्काळापेक्षा अधिक रकाने अडवले. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात एकूण खर्चाने प्रथमच दहा लाख कोटी रुपयांची मर्यादा ओलांडलेली होती. मंत्र्यांच्या तिकिटांतील फरक त्या रकमेच्या बेरजेत कोठे शोधावयाचा?

अर्थात, साधेपणाला किंमत नाही असे कोणी म्हणू नये. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा त्याने धान्याचा प्रश्न सुटला नाही. परंतु राज्यकर्ता प्रजेच्या पंगतीत बसला, ही भावना देशभर उमटली. शास्त्रींनी ते आधी स्वतःच्या घरी सुरू केले होते, आणि तेच सरकार पडद्यामागे शेतमालाच्या हमीभावाची व नव्या बियाण्यांची व्यवस्था उभारत होते. उपवासाच्या पाठीशी काम होते. नुसता उपवास राहिला, की त्याचा देखावा होतो.

देखावा आणि काम या दोन प्रवाहांचे सर्वांत बोलके चित्र १९७५ सालच्या अमेरिकी सिनेटमध्ये सापडते. विस्कॉन्सिनचे सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी त्या वर्षी ‘गोल्डन फ्लीस’ नावाचा एक उपहासात्मक पुरस्कार सुरू केला. सरकारी पैशाचा सर्वांत हास्यास्पद अपव्यय करणाऱ्यास तो जाहीर व्हावयाचा. पहिला मान मिळाला राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानास, कारण माणसे प्रेमात का पडतात या विषयाच्या अभ्यासाला तेथून ८४ हजार डॉलर मिळाले होते. बातमी अशी, की वाचून कोणालाही हसू यावे. हा क्रम १९८८ पर्यंत चालला आणि १६८ पुरस्कार जाहीर झाले. प्रॉक्समायर लबाड गृहस्थ नव्हते. निवडणुकीवर जवळजवळ काही खर्च न करणारे आणि सभागृहातील मतदान न चुकवणारे, असा त्यांचा लौकिक होता. तरीही त्यांचा पुरस्कार एका विशिष्ट प्रकारच्या खर्चाकडेच वळत राहिला: ज्याचे शीर्षक वाचताच हसू येते अशा खर्चाकडे. माकडांच्या आक्रमक वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या रोनाल्ड हचिन्सन या शास्त्रज्ञाने या उपहासाविरुद्ध दावा लावला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि सभागृहाबाहेर काढलेल्या प्रसिद्धिपत्रकाला संसदीय विशेषाधिकाराचे कवच नाही, असा निर्णय १९७९ साली झाला. अखेर प्रॉक्समायर यांना दहा हजार डॉलर देऊन तडजोड करावी लागली.

त्याच १९७५ साली, त्याच सिनेटमध्ये, एडवर्ड केनेडी यांच्या अध्यक्षतेखाली एका उपसमितीपुढे विमानांच्या भाड्यांविषयी साक्षी चालू होत्या. विषय इतका रुक्ष, की त्यात हसण्यासारखे काहीच नव्हते. साक्षींची तयारी स्टीफन ब्रायर नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकाने केली होती. हेच गृहस्थ पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. उपसमितीने एक साधी तुलना मांडली. १९३८ पासून अमेरिकेत राज्याराज्यांमधील विमानवाहतुकीचे मार्ग आणि भाडी एक सरकारी मंडळ ठरवीत असे. कॅलिफोर्नियाच्या सीमेच्या आतच उडणाऱ्या विमानांवर मात्र त्या मंडळाचा अधिकार चालत नसे. परिणामी लॉस एंजेलिस ते सॅन फ्रान्सिस्को या प्रवासाला जे भाडे पडे, त्याच्या जवळजवळ दुप्पट भाडे तेवढ्याच अंतराच्या बोस्टन ते वॉशिंग्टन प्रवासाला पडत होते. प्रवाशांच्या रक्षणासाठी निर्माण झालेले मंडळ प्रत्यक्षात जुन्या कंपन्यांचे स्पर्धेपासून रक्षण करीत होते. चाळीस वर्षांत एकाही नव्या मोठ्या कंपनीला त्याने दार उघडले नव्हते.

हा अपव्यय सरकारच्या कोणत्याही हिशेबवहीत नोंदलेला नव्हता. तो प्रवाशांच्या खिशातून होत होता, म्हणून त्याला ‘गोल्डन फ्लीस’ मिळण्याची सोय नव्हती. १९७७ साली अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड कान त्या मंडळाचे अध्यक्ष झाले. आरंभीच्याच काळात त्यांनी सहकाऱ्यांना कळवले, की आदेश साध्या माणसाला समजेल अशा भाषेत लिहावेत. भारतीय कार्यालयांतून आजही फिरणाऱ्या परिपत्रकांची भाषा पाहिली, की हा उपदेश सातासमुद्रापलीकडून इकडे यावयाचा राहून गेला याचे वाईट वाटते. २४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी भाड्यांवरील नियंत्रण उठवणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली, आणि १९८५ च्या पहिल्या दिवशी ते मंडळच अस्तित्वातून गेले. स्वतःच्या हातांनी स्वतःचे कार्यालय बंद करण्याच्या वाटेला लागलेला अधिकारी कोणत्याही देशात दुर्मिळच. या सुधारणेची झळही काहींना बसली. काही जुन्या कंपन्या बुडाल्या, लहान गावांची विमाने कमी झाली. परंतु सामान्य माणूस विमानात बसू लागला तो या रुक्ष साक्षींमुळे. पुरस्कारांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

आता दृष्टी भारताकडे वळवावी. स्वातंत्र्यानंतर उद्योग (विकास व नियमन) अधिनियम, १९५१ हा कायदा आला तो सद्हेतूनेच. भांडवल थोडे, गरजा अफाट. तेव्हा कोणता कारखाना कोठे निघावा हे राष्ट्राने ठरवावे, ही कल्पना त्या काळी अनेक देशांत मान्य होती. परंतु परवाना देणाऱ्या हाताला परवाना नाकारण्याचीही सत्ता असते, आणि सत्तेचा दर वाढत जातो. कारखाना काढण्यास परवाना, वाढवण्यास परवाना, नवी वस्तू बनवण्यास परवाना, यंत्र आयात करण्यास परवाना. राजगोपालाचारींनी या व्यवस्थेला ‘लायसन्स-परमिट-कोटा राज’ असे नाव दिले. रा. कृ. हजारी यांनी १९६७ च्या सुमारास केलेल्या अभ्यासात असे दिसले, की बड्या घराण्यांनी एकामागून एक अर्ज करून परवाने आधीच अडवून ठेवले होते. बड्यांना आवरण्यासाठी काढलेली वेसण बड्यांच्याच हातात गेली होती.

या काळाची आठवण सभागृहातील ज्येष्ठांना सांगावयास नको. पुण्याच्या आकुर्डीत बनणाऱ्या बजाजच्या स्कूटरसाठी आठ-आठ, दहा-दहा वर्षे नंबर लागत नसे. मुलाच्या मुंजीत नोंदवलेली स्कूटर त्याच्या लग्नात दारी येई. नोंदणीची पावती हीच एक मालमत्ता होती. ती जादा पैसे घेऊन विकली जाई. परदेशस्थ नातेवाइकाने डॉलर पाठवले तर नंबर लवकर लागे. एवढी मागणी असताना कारखान्याने उत्पादन का वाढवू नये? कारण परवान्यात लिहिलेल्या संख्येहून अधिक स्कूटर बनवणे हा अपराध होता. इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी अनेकदा सांगितले आहे, की एक संगणक आयात करण्याच्या परवानगीसाठी दिल्लीच्या सुमारे पन्नास फेऱ्या कराव्या लागल्या आणि दोन-तीन वर्षे गेली. त्या पन्नास फेऱ्यांचा खर्च कोणत्या अर्थसंकल्पात होता? महालेखापालांनी तो कोणत्या अहवालात दाखवावा? तिजोरीतून पैसा गेला नाही, म्हणून तो अपव्यय ठरलाच नाही. रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाचा वेळ मोजण्याचे शीर्षक सरकारी हिशेबात नाही.

१९९१ च्या उन्हाळ्यात देशाची परकीय गंगाजळी जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. जुलै महिन्यात रिझर्व्ह बँकेचे ४७ टन सोने परदेशी गहाण पडले. अशा वेळी पंतप्रधानपदी आलेले पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव हे तेलंगणाचे. त्यांच्याशी मराठीचे नातेही जवळचे. पुणे आणि नागपूर येथे त्यांचे शिक्षण झाले, रामटेकमधून ते दोनदा लोकसभेवर निवडून गेले आणि हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीचा त्यांनी तेलुगूत अनुवाद केला. महाराष्ट्राबाहेर मराठीची पणती तेवत ठेवणाऱ्या संस्थांना हे नाते विशेष वाटावे. १९९१ ची निवडणूक त्यांनी लढवलेलीही नव्हती; दिल्लीतील पुस्तके बांधून हैदराबादेस परतण्याची त्यांची तयारी चालली होती.

२४ जुलै १९९१ या दिवसाची आठवण देश काढतो ती डॉ. मनमोहन सिंग यांच्या अर्थसंकल्पामुळे. ते भाषण गाजले, आणि त्यातील व्हिक्टर ह्युगोच्या वचनाचा उल्लेख आजही होतो. परंतु त्याच दिवशी, अर्थसंकल्पाच्या काही तास आधी, उद्योग खात्याचे राज्यमंत्री पी. जे. कुरियन यांनी लोकसभेच्या पटलावर एक निवेदन ठेवले. ते नवे औद्योगिक धोरण होते. १८ उद्योगांचा अपवाद सोडून औद्योगिक परवाना रद्द. सरकारी क्षेत्रासाठी राखीव उद्योग १७ वरून ८ वर. चाळीस वर्षांची व्यवस्था काही पानांत संपली. उद्योग खाते राव यांनी स्वतःकडेच ठेवले होते. तरीही निवेदन त्यांनी वाचले नाही, राज्यमंत्र्यांकडून सादर करवले. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत अर्थसंकल्पाचेच मथळे झळकले, आणि त्या गर्दीत परवाना राज्याचा मृत्युलेख दुय्यम ठरला. हे योगायोगाने घडले असे मानण्याचे कारण नाही.

त्याच्या काही दिवस आधी हा मसुदा मंत्रिमंडळापुढे गेला, तेव्हा अनेक ज्येष्ठ सहकारी बिचकले होते. नेहरू आणि इंदिरा गांधी यांच्या वाटेपासून हे दूर जाणे तर नव्हे? राव यांनी मजकुरातील धोरणाला हात लावला नाही. त्याला एक प्रस्तावना जोडण्यात आली. तीत पूर्वसूरींचे गौरवपूर्ण स्मरण होते आणि ‘सातत्यासह परिवर्तन’ हा सूर होता. मंत्रिमंडळाने मान डोलावली. करवत उंचावणाऱ्या राजकारणात हेच नेमके उलट घडते: प्रस्तावना रक्तरंजित असते आणि आतील मजकूर कोरा. अल्पमतातील सरकारच्या पंतप्रधानाने प्रसिद्धीचा मोह आवरला, एवढेच म्हणून भागत नाही. प्रसिद्धी मिळाली असती तर विरोध संघटित झाला असता आणि काम बुडाले असते, हे त्याला कळत होते.

येथे एक सावधानता हवी. नियम हटवणे म्हणजे आपोआप सुधारणा, असे समीकरण कोणी मांडू नये. अमेरिकेत विमानांची भाडी ठरवणारे मंडळ गेले, पण विमान सुरक्षित आहे की नाही हे पाहणारी यंत्रणा राहिली, आणि ती राहणे आवश्यक होते. पुढे त्या यंत्रणेने आपल्या तपासणीचा बराच भाग विमान बनवणाऱ्या कंपनीवरच सोपवला. २०१८ च्या ऑक्टोबरात आणि २०१९ च्या मार्चमध्ये बोइंग ७३७ मॅक्स जातीची दोन विमाने कोसळली, ३४६ माणसे गेली. भोपाळ तर भारताच्याच भूमीवर घडले. नाशिक-सांगलीकडील द्राक्षबागाईतदार छाटणीच्या वेळी प्रत्येक काडीवरचे डोळे मोजतो. कोणता डोळा राखावा आणि कोणता काढावा हे त्याला ठाऊक असते. बाग मोकळी दिसावी म्हणून कोणी करवत चालवीत नाही. किमतीवरचे, प्रवेशावरचे, नंबर लावण्यावरचे नियम निराळे. बॉयलर फुटू नये, औषधात विष नसावे यासाठीचे नियम निराळे. हा भेद करण्यास फाइल वाचावी लागते, आणि फाइल वाचताना कॅमेरा समोर ठेवता येत नाही.

गुपचूप केलेल्या कामाचेही एक मोल द्यावे लागते, हे सांगितल्याशिवाय हे विवेचन एकांगी होईल. जी सुधारणा लोकांना समजावून सांगितली गेली नाही, तिच्या बाजूने लोक उभे राहत नाहीत. १९९६ च्या निवडणुकीत राव यांच्या पक्षाचा पराभव झाला, आणि त्या सुधारणांचा अभिमान उघडपणे मिरवण्यास त्यांचा स्वतःचा पक्षही पुढे आला नाही. राव २००४ साली गेले. भारतरत्न त्यांना मरणोत्तर २०२४ साली जाहीर झाले. सुधारणाही अर्धीमुर्धीच राहिली. लघुउद्योगांसाठी राखून ठेवलेल्या वस्तूंची शेकडोंची यादी हळूहळू कमी होत गेली आणि तिच्यातील शेवटच्या २० वस्तू मोकळ्या झाल्या त्या २०१५ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे चोवीस वर्षांनी. लोणची, पाव, काचेच्या बांगड्या, कुलुपे, उदबत्ती, आगकाड्या, आणि शाळेच्या वह्या. एवढी वर्षे वही मोठ्या कारखान्यात बनू नये असा कायदा होता, हे ज्यांनी वह्या भरल्या त्यांनाही ठाऊक नव्हते, ज्यांनी तपासल्या त्यांनाही नाही.

शाळेच्या जगातील आणखी एक गोष्ट अशीच आहे. गुणपत्रिकेच्या झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याची स्वाक्षरी व शिक्का आणण्यासाठी किती पिढ्या किती दारांत उभ्या राहिल्या असतील! ज्यांच्या ओळखीत असा अधिकारी होता त्यांचे काम चहाबरोबर होई. ज्यांच्या नव्हता, त्या मुलांनी अर्जाच्या शेवटच्या दिवशी परक्या कार्यालयाच्या व्हरांड्यात वाट पाहिली. परप्रांतात आलेल्या कुटुंबांच्या मुलांनी तर अधिकच. स्वाक्षरी करणारा मूळ प्रत क्वचितच पाहत असे, आणि प्रवेशाच्या वेळी मूळ प्रत पुन्हा पाहिली जातच असे. या साऱ्या खटाटोपाने कोणाचे रक्षण झाले हे सांगणे कठीण आहे. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने नागरिककेंद्री प्रशासनावरील आपल्या बाराव्या अहवालात स्वयंसाक्षांकनाची शिफारस केली. २०१३ आणि २०१४ या दोन वर्षांत, म्हणजे सरकार बदलण्यापूर्वी आणि बदलल्यानंतरही, केंद्राने मंत्रालयांना व राज्यांना तसे कळवले. विद्यार्थ्याने स्वतः सही करावी, मूळ प्रत शेवटी दाखवावी, एवढेच.

त्या निर्णयाची मिरवणूक निघाली नाही, कोणी व्यासपीठावर रबरी शिक्का मोडून दाखवला नाही. काही कार्यालयांच्या खिडकीवर आजही एखादा लिपिक जुन्या सवयीने शिक्का मागतो, आणि रांगेतील मुलगा परिपत्रक ठाऊक नसल्यामुळे मुकाट्याने अधिकारी शोधण्यास निघतो.